कोपऱ्यावरचं रिकामं घरकुल

आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचरा पडत असे. वाक्य मुद्दाम साधं ठेवलं आहे. पुढे त्या ढिगाला नगरपालिकेने, मठाने आणि खुद्द माझ्या बायकोने इतकी वेगवेगळी नावं दिली, की सुरुवातीला तो निव्वळ कचरा होता याची कुठेतरी नोंद राहावी असं मला वाटतं.

कोपऱ्यावर नगरपालिकेची हिरवी कचरापेटी होती. तिला चाकं होती, आणि तिथेच सगळं चुकलं होतं. पेटी कुणालाच आपल्या दारासमोर नको असल्यामुळे सकाळी जो पहिला उठे तो ती शेजाऱ्याच्या दाराकडे ढकले. मी प्रार्थनेसाठी लवकर उठतो, त्यामुळे ढकलण्यात बहुधा माझाच पहिला नंबर लागे. शील पाळण्यासाठी उठायचं आणि उठल्या उठल्या शेजाऱ्याच्या दारात घाण सारायची, यात काही विसंगती आहे हे मला कळत होतं. पण प्रार्थना आधी उरकून मग पेटी ढकलावी, तर तोवर ती माझ्याच दारात आलेली असे. ढकलाढकलीत पेटी सतत वाटेत असल्यामुळे कचरा तिच्या आत कमी आणि ती काल जिथे होती तिथे जास्त पडत असे.

हे असंच चाललं असतं. थायलंडातल्या आमच्या पेत्चबुरीत लोक सोशिक आहेत, शिवाय गावभर कढणाऱ्या ताडगुळाच्या वासात इतर वास लपतात. पण त्या वर्षी मठाच्या मोठ्या सभागृहाचं छत दुरुस्तीला निघालं, आणि गात्या प्रवचनाचा प्रश्न आला.

भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की आमच्याकडे दानशूर राजपुत्राची कथा गातात. मागेल त्याला मागेल ते देणारा राजपुत्र. राज्याचा हत्ती देतो, म्हणून देशोधडीला लागतो, आणि रानात गेल्यावर पोटची पोरंही देऊन टाकतो. तेरा अध्याय, एक दिवस, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत. प्रत्येक अध्यायाला वेगळे भंते, वेगळी चाल आणि वेगळा यजमान. नवव्या अध्यायात राणी रानातून परत येते आणि तिला मुलं सापडत नाहीत. शेजारच्या राचबुरीचे एक भंते तो अध्याय असा गातात, की भर सभेत पोलीस अधिकारी रुमाल काढतात. मला मिष्टान्नाची आवड नाही, पत्त्यांची नाही. पण चांगल्या गळ्याचे भंते आले असं कळलं की मी दोन तालुके ओलांडून जातो. त्या नवव्या अध्यायाचं यजमानपद सात वर्षं रांगेत थांबून यंदा मला मिळालं होतं. यजमानाने पहिल्या चटईवर बसायचं आणि दिवा लावायचा असतो.

पण खरा प्रश्न माझा नव्हता, सासूबाईंचा होता. जो तेराही अध्याय एका दिवसात, न उठता ऐकेल, त्याला पुढच्या बुद्धाच्या काळात जन्म मिळतो अशी आमची श्रद्धा आहे. सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या. आयुष्यभर त्यांचा दर वेळी एखादा तरी राहतच आला. एका वर्षी आठव्या अध्यायात लमाईचा, म्हणजे माझ्या बायकोचा जन्म झाला. एका वर्षी शेजारणीला भोवळ आली. एका वर्षी पूर आला. बारा वेळा बारा ऐकल्याने तेरा होत नाहीत, हा हिशेब त्यांना पक्का ठाऊक होता. आता गुडघ्यांमुळे त्या ओसरीपलीकडे जात नाहीत. आणि ध्वनिक्षेपकावरून ऐका म्हटलं तर म्हणतात, "भोंग्यातून आलेलं पुण्य शिळं असतं."

सभागृह बंद, म्हणून प्रवचन यंदा दोनपैकी एका मंडपात होणार होतं: नदीपलीकडच्या गुळवाल्यांच्या गल्लीत, नाहीतर आमच्या गल्लीत. आमचा मंडप आमच्या ओसरीच्या बरोबर समोर. सासूबाईंना खुर्चीवरून भंतेंचे ओठ दिसले असते. मठाधिपती भंते जागा बघायला आले, कोपऱ्यावर चीवर सावरत ढिगाला वळसा घालून आत आले आणि म्हणाले, "प्रवचन ऐकायला देव येतात. देवांना नाक असतं." सहा आठवड्यांत कोपरा स्वच्छ झाला तर प्रवचन इथे, नाहीतर गुळवाल्यांकडे.

त्या दिवशी सासूबाईंनी कपड्यांच्या पेटीतून पांढरी ओढणी काढून वाळत घातली. वर्षभर वापरात नसलेली, प्रवचनाची ओढणी. आणि रोज संध्याकाळी खुर्चीत न उठता बसण्याचा सराव सुरू केला.

त्याच आठवड्यात आमच्या पाणीपुरवठा कार्यालयात बँकॉकहून एक व्याख्याते आले. मी तिथे मीटरच्या तक्रारी ऐकतो. म्हणजे बावीस वर्षं माणसं माझ्यासमोर संतापतात आणि मी 'बघतो' म्हणतो. व्याख्यानाचा विषय होता उलटा विचार. रस्ता रुंद केला की गर्दी वाढते. उंदरांच्या शेपट्यांना बक्षीस ठेवलं की लोक उंदीर पाळतात. आणि कचरापेट्या काढून टाकल्या की कचरा कमी होतो, कारण पेटी म्हणजे आमंत्रण. हे सगळं ते सुरात सांगत होते. वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणायचे, मग थांबायचे. माझा मोठा दोष हा, की कुणी चालीत बोललं की मला पटतं.

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेत गेलो. स्वच्छता विभागात नुआनछवी बाई बसतात.

"पेटी काढायची आहे," मी म्हणालो.

"पेटी हवी असल्याचा अर्ज आहे. नको असल्याचा नाही."

"का नाही?"

"आजवर कुणाला नकोशी झाली नाही." त्यांनी माझ्या गणवेशाकडे पाहिलं. "तुम्ही पाणीखात्यातले ना? माझ्या आईच्या मीटरची तक्रार मार्चपासून तुमच्याकडे पडून आहे."

"बघतो," मी म्हणालो.

"मग मीही बघते."

आम्ही दोघं थोडा वेळ एकमेकांकडे सरकारी नजरेने पाहत बसलो. मग मीटरचं काम त्याच आठवड्यात होईल असं माझ्या तोंडून निघालं आणि त्यांच्या डोक्यात मार्ग निघाला. जुनी पेटी मोडली म्हणून नवी मागायची. जुनी लगेच उचलतात. नवी पुढच्या अंदाजपत्रकात येते, किंवा त्याच्या पुढच्या.

"मोडली आहे ना?"

"एक चाक जरा कुरकुरतं."

"मोडली," असं म्हणत त्यांनी लिहून टाकलं. खाली 'जागेची जबाबदारी घेणार' अशी रेघ होती. तिथे मी सही केली. सही माझी चांगली आहे, दिसली रेघ की करतो.

पेटी गेली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावर, पेटी जिथे होती तिथे, पेटीच्याच आकारात पिशव्या रचलेल्या होत्या. व्याख्यात्यांनी दोन आठवडे थांबायला सांगितलं होतं. मी थांबलो. कुत्री थांबली नाहीत.

"विचियन, अरे पेटी गेली म्हणून सवय जाते का?" छमोई मावशी म्हणाल्या. त्या आमच्या शेजारी अंड्या-नारळाचं मोकेंग भाजून विकतात, आणि त्यांच्या अंड्यांची टरफलं त्या ढिगात प्रामुख्याने होती. "तुझ्या सासऱ्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. तुझी सासू अजून भाताच्या दोन वाट्या काढते."

"पण मावशी, टरफलं तुमची आहेत."

"माझी आहेत. म्हणून तर सवयीचं मला माहीत."

गल्लीतून सल्ले येऊ लागले. कुणी कॅमेरा लावायला सांगितला, कुणी खोटा कॅमेरा, आणि एकाने खोट्या कॅमेऱ्यावर नजर ठेवायला खरा. शेवटी चित्रकलेचे निवृत्त शिक्षक बुनलुआ गुरुजी आले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपली माणसं नगरपालिकेला भीत नाहीत, दंडाला भीत नाहीत, पण राखणदारासमोर चप्पल वाजवतसुद्धा नाहीत. कोपऱ्यावर राखणदाराचं घरकुल उभं कर.

जमिनीचा राखणदार प्रत्येक अंगणात असतो. त्याला खांबावर छोटंसं घर बांधून द्यायचं, पुरोहित बोलावून त्याला तिथे राहायला बोलवायचं आणि रोज काहीतरी ठेवायचं, एवढी साधी व्यवस्था. मला ती पटली नाही. कचऱ्यावर पहारा द्यायला देव नेमणं हे श्रद्धावान माणसाला शोभत नाही. दोन दिवस विचार करून मी तोडगा काढला. घरकुल उभं करायचं, पण राखणदाराला बोलवायचं नाही. पुरोहित नाही, मंत्र नाही, अगरबत्ती नाही. रिकामं घर उभं करणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. "भाड्याने देण्याची पाटी लावली नाहीस म्हणजे झालं."

लमाईने विचारलं, "मग त्यात राहणार कोण?"

"कुणी नाही."

"मग कचरा टाकणाऱ्याला बघणार कोण?"

"कुणीतरी बघतंय असं त्याला वाटेल."

"म्हणजे तुमच्या कार्यालयासारखं," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

आम्ही ढीग उपसला, जागा धुतली आणि पिवळं, लाल कौलांचं, नवंकोरं घरकुल खांबावर बसवलं. शोभेला गुरुजींनी समोर प्लास्टरचे दोन झेब्रे ठेवले. झेब्रे का, असं विचारू नका. आमच्याकडे राखणदाराला झेब्रे आवडतात असं सर्वांना माहीत आहे.

कचरा बंद झाला. कमी झाला असं नव्हे, बंद झाला. लोक हातात पिशवी घेऊन कोपऱ्यापर्यंत येत, घरकुल पाहून हात जोडत आणि पिशवी घेऊन परत जात. सात दिवसांत मठातून निरोप आला: प्रवचन आमच्या गल्लीत. सासूबाई त्या दिवशी खुर्चीत सव्वातीन तास न उठता बसल्या. कार्यालयात माझ्या साहेबांनी पुढचं व्याख्यान मीच द्यावं असं सुचवलं, आणि मी आरशासमोर वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणून पाहिला. ठीक येत होता.

आठव्या दिवशी घरकुलासमोर लाल सरबताची बाटली दिसली. तिच्यात नळीसुद्धा खोचलेली. मी छमोई मावशींकडे गेलो.

"मावशी, ती बाटली तुमची?"

"हो."

"तुम्हाला माहीत आहे ना ते रिकामं आहे? तुमच्यासमोर उभं केलं मी."

"रिकामं होतं," मावशी मोकेंगचा तवा फिरवत म्हणाल्या. "इतकं नवं घर, मोक्याची जागा. किती दिवस रिकामं राहील?"

मी बाटली तिथेच राहू दिली. 

त्या आठवड्यात मावशींची हरवलेली मांजर परत आली. खांबाच्या रंगाचा एक पोपडा उडाला होता, त्यात कुणाला दोन आकडे दिसले आणि ते लॉटरीत लागले. झालं. गल्लीत परगावच्या गाड्या येऊ लागल्या. नवस फेडायला लोक झेब्रे आणत. हातभर झेब्रे, गुडघाभर झेब्रे, एक तर बछड्यासकट. कोंबडे आले, हत्ती आले. केळ्यांचे फणे आले आणि केळ्यांच्या वासाने टेकडीवरची माकडं आली. माकडं आधी केळी खात, मग सरबत पीत, मग रिकाम्या बाटल्या आमच्या पत्र्यांवर टाकत. मी हे सगळं उचलून फेकावं, तर समोर पन्नास माणसं हात जोडून उभी. मी उचलायला वाकलो की मीही नमस्कार करतोय असं समजून ती माझ्यासाठी जागा करत.

तरी इथवर ठीक होतं. मग जुनी घरकुलं आली.

ज्या घरात राखणदार राहून गेला ते मोडकं घरकुल फेकता येत नाही. ते लोक एखाद्या पवित्र जागी नेऊन, हात जोडून, ठेवून येतात. पेत्चबुरीत अशी नवी पवित्र जागा झाल्याचं सगळीकडे कळलं होतं. एके सकाळी प्रार्थनेला उठलो तो कोपऱ्यावर तीन जुनी घरकुलं. मग आठ. छप्पर नसलेली, खांब तुटलेली, हात मोडलेल्या मूर्ती आत कोंबलेली. पंधरा दिवसांत एकतीस झाली. कोपऱ्यातून आता फक्त एकटा माणूस, तोही तिरका, आत येऊ शकत होता. प्रवचनाची मिरवणूक येते ती सरळ असते आणि तिच्यापुढे ढोल असतो.

मी पुन्हा नुआनछवी बाईंकडे गेलो. त्यांच्या आईचं मीटर मी स्वतः जाऊन बदललं होतं, त्यामुळे त्यांनी खुर्ची दिली.

"कचरा असता तर उद्याच उचलला असता," त्या म्हणाल्या. "पण हा कचरा नाही."

"मग काय आहे?"

"पवित्र वस्तू. त्या वरच्या मजल्यावर, संस्कृती विभागात."

संस्कृती विभागातल्या गृहस्थांनी वही काढली, कोपरा शोधला आणि सांगितलं, की ही जागा पवित्र म्हणून नोंदलेली नाही. नोंद नसलेल्या जागी ठेवलेली मोडकी वस्तू हा त्यांच्या व्याख्येत कचरा होतो. मी खाली आलो. खाली तो कचरा नव्हता. मी वर गेलो. वर तो होता. मधला जिना बावीस पायऱ्यांचा आहे.

"तुम्ही दोघं एकदा बोलून का घेत नाही?" मी बाईंना विचारलं.

"आमच्यात पत्रव्यवहार आहे," त्या म्हणाल्या, आणि आवाज उतरवून पुढे म्हणाल्या, "शिवाय कागदावर जबाबदारी तुमची आहे. तुमची सही चांगली आहे, ओळखू येते."

मी कचरागाडीच्या माणसांना गाठलं. त्यांच्या मुकादमाने लांबूनच हात जोडले. "साहेब, यांना गाडीत घालून न्यायचं? आणि वाटेत गाडी बंद पडली तर उतरून ढकलणार कोण? ते का आम्ही?"

"आत कुणी नसेल तर?"

"नसेल कसं? घर आहे ना."

प्रवचनाला नऊ दिवस उरले होते. मठाच्या समितीचे दोघे जण तिरके होऊन आत आले, पाहून गेले आणि जाताना पुन्हा तिरके झाले. गुळवाल्यांच्या गल्लीत मंडप धुवायला घेतल्याचं संध्याकाळी कळलं. मी ओसरीवर आलो. सासूबाई खुर्चीत होत्या.

"लमाई," त्यांनी आत हाक मारली, "ती ओढणी घडी करून पेटीत ठेव गं. धूळ बसेल."

एवढंच म्हणाल्या. मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बावीस वर्षं मी लोकांचा आरडाओरडा ऐकतो आहे, त्याचं काही वाटत नाही. ही न बोलण्याची तक्रार मात्र मला 'बघतो' म्हणून कागदाखाली सारता आली नाही.

मी मठाधिपती भंतेंकडे गेलो आणि सगळं कबूल केलं. चाकांपासून सुरुवात केली. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. ते गात नाहीत, बोलतात तेही कमी, त्यामुळे आजवर मी त्यांच्याकडे थोडं दुर्लक्षच केलं होतं.

"घरकुलं किती?" त्यांनी विचारलं.

"माझं धरून बत्तीस."

"झेब्रे?"

"मोजायचे सोडले."

"मंडपात आपण काय उभं करतो प्रवचनाच्या दिवशी?"

"रान. राजपुत्राचं रान. केळीचे खांब, ऊस, पशुपक्षी."

"गेल्या वर्षी पशू कसले होते?"

"पुठ्ठ्याचे. पावसात भिजून गेले."

"मग?" भंते म्हणाले. मला झेब्रे दिसू लागले. "आणि प्रवचनाच्या आधी आपण देवांना काय म्हणतो?"

"या, आपापली ठिकाणं सोडून ऐकायला या, असं म्हणतो."

"निघाले की मागे घरं कशी राहतात?"

"रिकामी."

"रिकाम्या मोडक्या वस्तूला नगरपालिका काय म्हणते ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक." त्यांनी डोळे उघडले. "तू एक रिकामं घर उभं केलंस, लोकांनी ते भरलेलं धरलं. आता भरलेली आहेत ती रिकामी करू. फक्त ऐकून झाल्यावर सगळ्यांनी इथूनच पुढच्या गतीला जावं, घरी परतू नये, एवढं एक वाक्य मी वाढवून म्हणेन. आणि तुझ्या मुकादमाला बोलाव. त्याने स्वतःच्या कानाने ऐकायला हवं."

पुढचे आठ दिवस गल्ली रान उभारत होती. घरकुलं आम्ही नमस्कार करत करत, माफी मागत मागत, मंडपाच्या मागच्या भिंतीला ओळीने लावली. ती झाली रानातल्या ऋषींची वस्ती. हत्ती राज्याबाहेर उभे केले. खरी अडचण झेब्र्यांची होती, कारण नवव्या अध्यायात राणीची वाट वाघ अडवतो आणि आमच्याकडे एकही वाघ नव्हता.

"पट्टे आहेतच," बुनलुआ गुरुजी म्हणाले. "प्रश्न फक्त पिवळ्या रंगाचा." त्यांनी चाळीस झेब्र्यांचे वाघ केले. लांबून चांगले दिसत. जवळून, सगळे वाघ गवत खाणाऱ्या प्राण्यासारखे शांत दिसत.

प्रवचनाच्या दिवशी उजाडताना सासूबाई पांढरी ओढणी घेऊन ओसरीवरच्या खुर्चीत बसल्या. कोपरा मोकळा होता, मिरवणूक सरळ आली, ढोलासकट. भंतेंनी देवांना निमंत्रण दिलं, ते वाढीव वाक्यही म्हटलं, आणि मुकादम पहिल्या रांगेत बसून मान डोलावत होता. पहिला अध्याय, दुसरा, तिसरा. लमाई आईच्या पायाशी बसून होती. मधूनच माझ्याकडे पाहून बोटं दाखवत होती. पाच. सहा. आठव्याला, ज्यात ती जन्मली होती, तिने बोटं दाखवताना जरा जास्तच जोरात हलवली.

नववा सुरू व्हायचा होता. राचबुरीचे भंते आसनावर चढले होते, पहिल्या चटईवर माझी जागा मांडलेली होती, माझ्या हातात काडेपेटी होती. तेवढ्यात मागून गाडीचा भोंगा वाजला.

मी काडेपेटीसकट कोपऱ्यावर धावलो. तिथे एक मालवाहू गाडी उभी होती. तिच्यात तीन मजली, सिमेंटचं, म्हशीएवढं घरकुल. चालकाशेजारी एक वयस्क बाई आणि मागे त्यांचं कुटुंब.

"दादा, देवांची घरं ठेवतात ती जागा हीच ना?" चालकाने विचारलं.

"होती. आता नाही."

"चार तास गाडी चालवली. नेलेलं घर परत घेऊन गेलं तर अपशकुन होतो."

"इथे ठेवाल तर मिरवणूक अडेल."

"मिरवणूक तर आत गेली."

"ती बाहेरही येते," मी म्हणालो.

हे बोलणं चालू असताना मंडपात सूर लागला. राणीच्या आवाजातली पहिली ओळ. मी तिकडे वळलो आणि इकडे गाडीतल्या माणसांनी घरकुलाच्या दोऱ्या सोडायला सुरुवात केली. मी परत वळलो. असं तीनदा झालं. शेवटी मी त्या बाईंना म्हणालो, "मावशी, असं करा. तुमच्या राखणदाराला सांगा, चल, राणीचा अध्याय सुरू आहे, ऐकायला चल. त्याला घेऊन मंडपात बसा. तो तिथूनच पुढे जाईल, तशी सोय केली आहे. रिकामं घर परत न्यायला अपशकुन नाही."

बाईंनी थोडा विचार केला. घरकुलाशी तोंड नेऊन काहीतरी पुटपुटल्या. मग चालकासकट सगळं कुटुंब उतरून, वाकून, मंडपात शिरलं. मंडप गच्च भरला होता. एकच जागा मोकळी होती, पहिली चटई. ते तिथे बसले. बाईंनी आपल्या पिशवीतून काडेपेटी काढली आणि दिवा लावला.

मीही गेलो असतो, निदान कडेला उभा राहिलो असतो. पण गाडीत केळी होती आणि टेकडीवरून माकडं उतरत होती. गाडी परक्याची, भरवसा माझ्यावर. तासभर मी एका सिमेंटच्या घरकुलाला पाठ लावून काठी आपटत उभा होतो, आणि राचबुरीच्या भंतेंचा नववा अध्याय माझ्यापर्यंत भोंग्यातून, तुकड्या-तुकड्यांनी येत होता. मध्येच सगळी सभा एकदम नाक ओढते, तो आवाज तेवढा स्पष्ट ऐकू आला.

तेरावा संपला तेव्हा दिवे लागले होते. प्रवचनाच्या रानातली वस्तू घरी नेली की शुभ असतं, त्यामुळे भंते आसनावरून उतरायच्या आत केळीचे खांब, ऊस, हत्ती, कोंबडे, झेब्रे गेले. पिवळ्या वाघांवर दोन बायकांची जरा शब्दाशब्दी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादम गाडी घेऊन आला आणि एकतीस घरकुलं, एकदाही हात न जोडता, फटाफट भरली. "रिकामी आहेत साहेब, मी स्वतः ऐकलंय," तो म्हणाला. बत्तिसावं, माझं, त्याने सोडलं. नवं आहे, आणि त्याच्या मते नव्यात कुणाचा भरवसा नाही. कोपऱ्यावर आता कुणी काही टाकत नाही. ते कुठे टाकतात याची मी चौकशी केलेली नाही. गुळवाल्यांच्या गल्लीतून अलीकडे पालिकेकडे पेटी हवी असल्याचे बरेच अर्ज आले आहेत, असं नुआनछवी बाई म्हणत होत्या.

त्या सकाळी मी ओसरीवर आलो तेव्हा सासूबाई खुर्चीतच होत्या. लमाईने सगळ्या गल्लीला सांगून झालं होतं: तेराच्या तेरा, एकदाही न उठता, पापणी न लवता. छमोई मावशी मोकेंगची अख्खी परात घेऊन पाया पडून गेल्या होत्या. मला वाटलं होतं सासूबाई प्रसन्न असतील. त्या ओढणीची घडी मांडीवर घेऊन, सुट्टी लागलेल्या शाळेसारख्या रिकाम्या चेहऱ्याने समोरच्या रित्या मंडपाकडे बघत होत्या.

"आई, झाले एकदाचे तेरा," मी म्हणालो.

"झाले," त्या म्हणाल्या.  "तुझा नववा राहिला ना?"

"राहिला."

"यजमान असून."

"हो."

"लमाई म्हणाली, माकडं हाकत होतास." त्यांनी घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "मग असं कर. माझाही एक राहिला असं धर. पुढच्या वर्षी दोघं बसू."

"आई, पण तुम्ही तर जागच्या हलला नाहीत. सगळ्यांनी पाहिलं."

"बाहेरून काय दिसतंय? आत डोळा लागला असेल." त्यांनी ओढणी माझ्या हातात दिली. "पेटीत ठेवू नकोस, वर दांडीवर असू दे. आणि कुठला धरायचा ते ठरव. नववा नको, तो तुझा. दहावा धर. दहाव्यात मला जरा पेंग आली होती, आता आठवतंय."